अणू मांडायला शिका: एक वाटी, राजमा, छोले आणि टिकल्या

प्रोटॉन मोजता आले की अणू अर्धा समजला. उरलेला अर्धा हिशोबाचा आहे, आणि तो बेरीज-वजाबाकीच्या पुढे जात नाही. तरी आठवीपासून बारावीपर्यंत पुष्कळ मुलं इथेच अडखळतात. व्याख्या पाठ असतात, पण कोणती संख्या आधी घ्यायची आणि कोणती तिच्यातून काढायची, हा क्रम कुणी हाताला धरून दाखवलेला नसतो. म्हणून इथे व्याख्या कमी आणि क्रम जास्त आहे. मुलांना शिकवणारे पालक, नवे शिक्षक, किंवा शाळा सुटून वीस वर्षं झाल्यावर पुन्हा उत्सुकता जागी झालेलं कुणीही, या पायऱ्यांनी दोन तासांत पहिले २० अणू स्वतः मांडू शकेल.

सुरुवातीला एका शब्दाचा घोळ मिटवून टाका. मुंबईत पुस्तक मराठी आणि मोबाइलवरचा व्हिडिओ हिंदी, असं घरोघरी चालतं. हिंदीत ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला हिंदीत ‘परमाणु’ म्हणतात. चेंबूरपलीकडच्या वसाहतीचं नाव अणुशक्तीनगर, पण ज्या खात्याची ती वसाहत आहे त्याचं हिंदी नाव ‘परमाणु ऊर्जा विभाग’. दोन्ही बरोबर, भाषा वेगळ्या. मुलानं ‘पाण्याचा अणू’ लिहिलं तर चूक विज्ञानाची आहे की भाषेची, ते आधी तपासा. तसंच पेशीतलं केंद्रक वेगळं आणि अणुकेंद्रक वेगळं. उत्तरपत्रिकेत ‘अणुकेंद्रक’ असा पूर्ण शब्द लिहायची सवय लावा.

सामान

किराणावाल्याकडून लाल राजमा आणि काबुली छोले शंभर-शंभर ग्रॅम आणा. राजमा म्हणजे धनप्रभाराचा प्रोटॉन, छोले म्हणजे प्रभार नसलेला न्यूट्रॉन. दोन्हींचा एकेक दाणा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि हे जुळणं कामाचं आहे, कारण प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वजनाला जवळजवळ सारखेच असतात. न्यूट्रॉन किंचित जड, हजारात सव्वा-दीड भागानं.

ऋणप्रभाराच्या इलेक्ट्रॉनसाठी काळ्या टिकल्यांचं एक पाकीट घ्या. मोहरी वापरायचा मोह होतो, पण ती घरंगळते आणि पंखा लावला की गोळा करत बसावं लागतं. टिकली पुठ्ठ्याला चिकटते, उचलता येते, पुन्हा लावता येते. शिवाय आमटीची एक वाटी आणि पार्सलच्या खोक्याचा ४० सेंटिमीटर बाजूचा चौकोनी पुठ्ठा लागेल. पुठ्ठ्याच्या मध्याला दोरा-पेन्सिल धरून ७, १०, १३ आणि १६ सेंटिमीटर त्रिज्येची चार वर्तुळं काढा. मध्ये वाटी ठेवा. वाटी म्हणजे अणुकेंद्रक, वर्तुळं म्हणजे कवचं. आतून बाहेर के, एल, एम, एन अशी नावं लिहून ठेवा.

आणि चिमूटभर खसखस. ती मांडायची नाही, फक्त दाखवायची. खसखशीचा एक दाणा साधारण ०.३ मिलिग्रॅमचा असतो. अर्ध्या ग्रॅमचा राजमा आणि त्याच्याशेजारी खसखशीचा एक दाणा ठेवलात, की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानातला फरक जवळपास मापाबरहुकूम समोर येतो. खरा आकडा १,८३६ पट. तळहातावर दोन्ही घेऊन एकदा बघाच. अणूचं सगळं वजन वाटीत का मोजतात आणि टिकल्या का सोडून देतात, हे पुन्हा समजवावं लागत नाही.

पहिली पायरी: प्रोटॉन मोजा, नाव ठरवा

वाटीत राजमाचे ११ दाणे टाका. हे सोडियम आहे. अजून न्यूट्रॉन नाहीत, इलेक्ट्रॉन नाहीत, तरी नाव ठरलं, आणि पुढे काहीही केलं तरी ते बदलणार नाही. एक दाणा वाढवा: मॅग्नेशियम. एक काढा: निऑन. प्रोटॉनच्या या संख्येला अणुअंक म्हणतात, काही पुस्तकांत अणुक्रमांक. हायड्रोजन १, हीलियम २, कार्बन ६, नायट्रोजन ७, ऑक्सिजन ८, सोडियम ११, क्लोरीन १७, कॅल्शियम २०, लोह २६, तांबं २९, सोनं ७९. एवढे लक्षात असले तरी रोजचं काम भागतं.

आवर्तसारणीत मूलद्रव्यं प्रोटॉनच्या संख्येनं लावलेली आहेत, वजनानं नाही. पोटॅशियमचं अणुवस्तुमान ३९.१० आणि त्याच्या आधी बसलेल्या आरगॉनचं ३९.९५, म्हणजे जड आधी आणि हलकं नंतर. वजनानं लावलं असतं तर निष्क्रिय वायू सोडियमच्या रांगेत जाऊन बसला असता. हा गुंता १९१३ मध्ये हेन्री मोस्ली यांनी सोडवला. वेगवेगळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता त्यांनी मोजली. तिचं वर्गमूळ अणुअंकाबरोबर सरळ रेषेत वाढत गेलं, आणि सारणीतला क्रमांक ही नुसती गणती नसून अणुकेंद्रकावरचा धनप्रभार आहे हे सिद्ध झालं.

झवेरी बाजारात हीच पद्धत रोज वापरली जाते. दागिना न घासता कस सांगणारं जे यंत्र असतं, ते दागिन्यावर क्ष-किरण सोडतं. धातूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरचा त्या जागी पडतो आणि पडताना ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण बाहेर टाकतो. तांब्याच्या २९ प्रोटॉनची खूण साधारण ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला उमटते, चांदीच्या ४७ची २२ला, सोन्याची एक ठळक खूण ९.७ला. खुणांची उंची मोजून यंत्र टक्के काढतं. २२ कॅरेट म्हणजे ९१.६. मात्र हे किरण पृष्ठभागाचा काही मायक्रोमीटर जाडीचा थरच वाचतात. वर जाड मुलामा असेल तर यंत्र मुलाम्याचाच कस सांगतं, म्हणून शंका असली की नमुना वितळवून तपासतात.

दुसरी पायरी: न्यूट्रॉन काढा

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून सावकाश.

अणुवस्तुमानांक म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन, वाटीतल्या एकूण दाण्यांची संख्या. सोडियमचा अणुवस्तुमानांक २३. २३ वजा ११, म्हणजे १२ छोले टाका. वाटीत २३ दाणे झाले, वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. दाणे एकावर एक ढीग करूनच बसू द्या. अणुकेंद्रक ही सपाट चकती नाही, तो गोळाच असतो.

आता पहिली चूक. सारणीच्या चौकटीत छापलेला दशांश आकडा हा अणुवस्तुमानांक नाही. क्लोरीनखाली ३५.४५ लिहिलेलं असतं. ३५.४५ वजा १७ करून १८.४५ न्यूट्रॉन लिहिलेल्या वह्या खूप सापडतात. अर्धा न्यूट्रॉन नसतो. निसर्गातल्या क्लोरीनमध्ये शंभरातले सुमारे ७६ अणू १८ न्यूट्रॉनचे आणि २४ अणू २० न्यूट्रॉनचे असतात, आणि ३५.४५ ही त्या मिश्रणाची सरासरी. एकाच नावाच्या, न्यूट्रॉन वेगळे असलेल्या या भावंडांना समस्थानिकं म्हणतात, कारण सारणीत त्यांचं स्थान एकच.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. ‘दशांश आकडा जवळच्या पूर्णांकात घ्या’ असा सोपा नियम शिकवला जातो. सोडियम, ॲल्युमिनियम, फॉस्फरस यांना तो चालतो. तांब्याला चालत नाही. ६३.५५ चा जवळचा पूर्णांक ६४, म्हणजे न्यूट्रॉन ३५, असं उत्तर येतं. पण निसर्गातलं तांबं ६३ आणि ६५ या दोनच अणुवस्तुमानांकांचं असतं. ६४चं तांबं प्रयोगशाळेत बनतं आणि काही तासांत निम्मं उरतं. चांदीचं तसंच: छापील १०७.८७, खरे अणू १०७ आणि १०९, मधला १०८ गायब. म्हणून गणितात अणुवस्तुमानांक दिलेला असेल तर तोच घ्या. दिलेला नसेल तर आधी कोणतं समस्थानिक हे विचारा.

न्यूट्रॉन हवेतच कशाला, हा प्रश्न चांगली मुलं विचारतात आणि त्याला उत्तर द्यायला हवं. धनप्रभारित प्रोटॉन एकमेकांना ढकलतात आणि हे ढकलणं अणुकेंद्रकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचतं. धरून ठेवणारं प्रबळ केंद्रकीय बल त्याहून खूप ताकदीचं असतं, पण त्याचा पल्ला एक-दोन फेम्टोमीटर एवढाच (फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग). दहीहंडीच्या थरात गोविंदाचा हात शेजारच्याच्या खांद्यापर्यंतच पोचतो, तसं ते फक्त चिकटून बसलेल्यालाच धरतं. न्यूट्रॉन ढकलत नाहीत, फक्त धरतात. म्हणून थर वाढले की धरणारे हात जास्त लागतात. कॅल्शियमपर्यंत २० प्रोटॉनला २० न्यूट्रॉन पुरतात. लोहाच्या २६ प्रोटॉनला ३० लागतात, सोन्याच्या ७९ला ११८, युरेनियमच्या ९२ला १४६. दोन प्रोटॉन नुसतेच एकत्र टिकत नाहीत, त्यामुळे न्यूट्रॉनशिवायचं हीलियम मांडू नका. न्यूट्रॉनविना टिकणारं अणुकेंद्रक एकट्या हायड्रोजनचं, कारण तिथे ढकलायला दुसरा प्रोटॉनच नाही.

वाटीतून सुटा झालेला न्यूट्रॉन फार जगत नाही. त्याचं सरासरी आयुष्य सुमारे ८८० सेकंद, पंधरा मिनिटांच्या आतच. मग त्याचा प्रोटॉन होतो, आणि सोबत एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. प्रोटॉन मात्र टिकतो. तो कधी फुटतो का, हे पाहण्यासाठी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर १९८०च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, लोखंडाच्या थरांचं उपकरण उभं केलं होतं. प्रोटॉन फुटल्याचा निर्विवाद पुरावा आजवर जगात कुठेही मिळालेला नाही.

तिसरी पायरी: इलेक्ट्रॉन लावा

प्रभाररहित अणूत जेवढे राजमे तेवढ्या टिकल्या. सोडियमला ११. छोले मोजायचे नाहीत. घाईत मुलं २३ टिकल्या काढून ठेवतात.

के कवचात २, एलमध्ये ८, एममध्ये १८, एनमध्ये ३२ एवढी कमाल जागा. सूत्र सोपं: कवचाच्या क्रमांकाचा वर्ग गुणिले २. आतून भरत या. सोडियमचं संरूपण, म्हणजे कवचांतली मांडणी, २, ८, १. क्लोरीनचं २, ८, ७. आरगॉनचं २, ८, ८.

पोटॅशियमला थांबा. एम कवचात १८ जागा आहेत, मग १९वी टिकली तिथेच लावून २, ८, ९ का नाही? सूत्र पाळणारं मूल हेच करतं, आणि उत्तर चुकतं. बरोबर उत्तर २, ८, ८, १. कवचाच्या आत उपकवचं असतात. एममधलं तिसरं उपकवच एनमधल्या पहिल्यापेक्षा इथे जास्त ऊर्जेचं ठरतं, आणि इलेक्ट्रॉन आधी कमी ऊर्जेची जागा घेतो. म्हणून शाळेपुरता नियम असा धरा: सर्वांत बाहेरच्या कवचात ८ पेक्षा जास्त कधीही नाहीत. कॅल्शियम २, ८, ८, २. एवढ्यावर आपला पुठ्ठा संपतो. २१व्या स्कँडियमपासून एम पुन्हा भरायला लागतं: स्कँडियम २, ८, ९, २, लोह २, ८, १४, २, तांबं २, ८, १८, १. हे पुठ्ठ्यावर मांडून दाखवायचा हट्ट धरू नका, तिथे उपकवचं शिकल्याशिवाय गत्यंतर नाही.

चौथी पायरी: आयन बनवा

सोडियमची बाहेरची एकटी टिकली उचला. राजमे ११, टिकल्या १०. प्रभार काढायचा नियम एकच: राजमे वजा टिकल्या. ११ वजा १० बरोबर अधिक १. असा प्रभार आलेला अणू म्हणजे आयन. आता क्लोरीनच्या पुठ्ठ्यावर ती टिकली लावा: १७ वजा १८ बरोबर उणे १.

‘अधिक’ चिन्ह पाहून मुलांना काहीतरी वाढलं असं वाटतं आणि ती म्हणतात, सोडियमला एक प्रोटॉन मिळाला. वाटीत हात घालू देऊ नका. प्रोटॉन वाढला असता तर ते सोडियम राहिलंच नसतं, मॅग्नेशियम झालं असतं. रासायनिक क्रियेत वाटी कधीच उघडत नाही, फक्त टिकल्यांची देवाणघेवाण होते. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवले की मीठ तयार. मिठागरांत खाडीचं पाणी उन्हात आटतं, तेव्हा आधीच आयन होऊन पाण्यात फिरणारे हे दोघे पाणी गेल्यावर रांगा लावून बसतात: प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. इथे जोड्या नसतात, म्हणून स्फटिकात मिठाचा सुटा रेणू दाखवता येत नाही.

हायड्रोजनची एकुलती एक टिकली काढली तर काय उरतं? वाटीत एक राजमा, बस. हायड्रोजनचा धन आयन म्हणजे उघडा प्रोटॉन. पाण्यात तो एकटा राहत नाही, पाण्याच्या रेणूला चिकटतो. लिंबू आणि कोकम आंबट लागतात ते यामुळेच. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा पदार्थ’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा हाच राजमा डोळ्यांसमोर आणा.

टिकल्या जागा बदलतात हे दिसण्यासाठी घरचा एक छोटा प्रयोग आहे. गॅसच्या निळ्या ज्योतीत स्टीलच्या चमच्याच्या टोकावर मिठाचे चार-पाच ओले कण धरा. ज्योत पिवळी होते. उष्णतेनं सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि परत पडताना ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश देतो. रस्त्यावरच्या जुन्या सोडियमच्या दिव्यांचा रंग याच उडीतून येतो. मोठ्या माणसानं, चमच्याला फडकं धरून, आजूबाजूला काही पेटणारं नाही हे पाहून करायचं. मीठ ज्योतीवर भुरभुरवू नका, बर्नरची भोकं बुजतात आणि गंजतात.

पाचवी पायरी: चिन्ह लिहा, तीन तपासण्या करा

मूलद्रव्याच्या चिन्हाच्या डावीकडे खाली अणुअंक, डावीकडे वर अणुवस्तुमानांक, उजवीकडे वर प्रभार. वर-खाली अदलाबदल झाली तर ओळखणं सोपं आहे: वरचा आकडा खालच्याहून लहान असूच शकत नाही.

मग तपासा. खालचा आकडा आणि नाव जुळतं का? वरून खालचा वजा केल्यावर छोल्यांची संख्या येते का? राजमे वजा टिकल्या बरोबर उजवीकडचा प्रभार येतो का? तिन्ही जुळलं तर मांडणी बरोबर. एखादं जुळलं नाही तर पहिल्यापासून मोजू नका. त्याच जोडीत चूक असते.

पुठ्ठा कुठे खोटं बोलतो

हे मुलांना सांगितलंच पाहिजे, नाहीतर चित्रच खरं वाटू लागतं. आपल्या पुठ्ठ्यावर वाटी अणूच्या जवळपास तिसऱ्या भागाएवढी रुंद आहे. खऱ्या अणूत ती दिसलीच नसती.

मापात पाहायचं तर मिरीचा एक दाणा घेऊन शिवाजी पार्कला जा. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकापासून ५३ पिकोमीटरच्या आसपास सापडण्याची शक्यता सर्वाधिक. एक पिकोमीटर म्हणजे १,००० फेम्टोमीटर, हे धरून भागाकार केला की सुमारे ६३,००० येतात. मिरीचा दाणा ५ मिलिमीटरचा, म्हणजे त्रिज्या अडीच मिलिमीटर. तिला ६३,००० नं गुणलं की जवळजवळ १५७ मीटर. मैदानाच्या मध्यावर मिरी ठेवा आणि पाऊण मीटरची एक अशी २१० पावलं सरळ चाला. तुम्ही कट्ट्याच्या जवळपास येता. मध्ये क्रिकेटच्या इतक्या खेळपट्ट्या गेल्या, आणि अणूत त्या सगळ्या जागेत एका इलेक्ट्रॉनशिवाय काही नाही. सोन्यासारख्या जड अणूत अणुकेंद्रक मोठं असल्यामुळे हे गुणोत्तर वीस हजारांच्या घरात येतं. पोकळी तरीही तेवढीच थक्क करणारी.

म्हणूनच १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण (हीलियमची अणुकेंद्रकं) सोडले, तेव्हा बहुतेक आरपार गेले. हजारोंतला एखादा मात्र उलटा फिरला. त्या मोजक्या कणांवरून रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये अणुकेंद्रक असल्याचं मांडलं. पुढे नायट्रोजनवर अल्फा कण आदळवल्यावर हायड्रोजनची अणुकेंद्रकं बाहेर पडतात हे त्यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि १९२० मध्ये त्या कणाला प्रोटॉन हे नाव दिलं. इलेक्ट्रॉन थॉमसन यांना १८९७ मध्येच सापडला होता. न्यूट्रॉन शेवटी, १९३२ मध्ये, चॅडविक यांना. प्रभारच नसल्यामुळे तो इतका उशिरा हाती लागला.

पुठ्ठ्याचं दुसरं खोटं म्हणजे वर्तुळं. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा रुळावर फिरत नाही. तो कुठे असण्याची किती शक्यता, एवढंच सांगता येतं, आणि त्या शक्यतेचा ढग अणुकेंद्रकाभोवती पसरलेला असतो. वर्तुळ म्हणजे ऊर्जेची पायरी दाखवणारी हिशोबाची खूण. अशी खूण म्हणून ते फार उपयोगी आहे, टाकून देऊ नका.

आणि तिसरं: वाटीतलं वजन. दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन आणि दोन इलेक्ट्रॉन सुटे तोलले तर ४.०३३ एकक भरतात, हीलियमचा अणू ४.००२६ भरतो. ०.०३ एकक कमी. दाणे एकत्र बांधले जाताना तेवढ्या वस्तुमानाची ऊर्जा बाहेर पडलेली असते. सूर्य याच फरकावर जळतो. राजमा-छोल्यांत हा फरक कधीच येणार नाही.

प्रोटॉनच्या आत काय, तेही एका ओळीत सांगून ठेवा: दोन ‘अप’ क्वार्क आणि एक ‘डाऊन’. अपचा प्रभार अधिक दोन-तृतीयांश, डाऊनचा उणे एक-तृतीयांश, बेरीज एक. न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाऊन, बेरीज शून्य.

मुंबईतला प्रोटॉन

एमआरआयच्या बोगद्यात झोपलेल्या माणसाच्या शरीरात यंत्र जे ऐकतं, ते मुख्यतः पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचे प्रोटॉन. दीड टेस्लाच्या चुंबकात ते सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींना दाद देतात, म्हणजे आपल्या एफएमच्या पट्ट्याच्या जरा खाली. बाहेरच्या लहरी आत आल्या तर चित्र बिघडतं, त्यासाठी त्या खोलीच्या भिंतींत धातूचं आवरण असतं.

खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉननं कर्करोगाचे उपचार होतात. क्ष-किरण वाटेत सगळीकडे ऊर्जा सोडत शरीरापलीकडे जातात. प्रोटॉन मात्र वेग कमी होत होत थांबण्याच्या जरा आधी सर्वांत जास्त ऊर्जा टाकतो आणि तिथेच संपतो. किती खोल थांबायचं हे ऊर्जेवर ठरतं: पाण्यात ७० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टला साधारण ४ सेंटिमीटर, २३०ला साधारण ३३. लहान मुलांच्या मेंदूजवळच्या गाठींत हे थांबणं मोलाचं आहे.

तुर्भ्याला (ट्रॉम्बे) ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. भट्टीत जे होतं ते रासायनिक क्रियेत कधीच होत नाही: वाटी फुटते. म्हणून शेवटचा सराव तिथला घेऊ.

सराव

एक: आयोडीन-१३१ हे औषध थायरॉइडच्या आजारांत देतात. प्रोटॉन ५३. न्यूट्रॉन किती? ७८. मिठातल्या साध्या आयोडीन-१२७ मध्ये ७४. टिकल्या दोन्हींत सारख्याच, म्हणून थायरॉइडला दोन्ही एकच वाटतात आणि ती किरणोत्सारी आयोडीनही ओढून घेते. सुमारे आठ दिवसांत त्यातले निम्मे अणू बदलतात: एका छोल्याचा राजमा होतो, प्रोटॉन ५४ झाले, नाव झेनॉन.

दोन: २०० मिलिलिटर पाण्याच्या पेल्यात प्रोटॉन किती? रेणूत हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे ८ मिळून १०. २०० ग्रॅमला १८ नं भागा, ॲव्होगॅड्रो अंकानं (१८ ग्रॅम पाण्यातल्या रेणूंची संख्या, सुमारे ६.०२ गुणिले १० चा २३वा घात) गुणा, मग १० नं गुणा. उत्तर ६७ आणि त्यापुढे चोवीस शून्यं. ऑक्सिजनचे ८ विसरून फक्त हायड्रोजनचे २ धरले तर उत्तर पाच पट कमी येतं. ही चूक नेहमीची.

तीन: युरेनियम-२३५ वर एक न्यूट्रॉन आदळला. तुकडे झाले: बेरियम-१४१ आणि तीन सुटे न्यूट्रॉन, शिवाय आणखी एक अणू. तो कोणता? राजमे आधी. ९२ वजा बेरियमचे ५६, उरले ३६, म्हणजे क्रिप्टॉन. आता सगळे दाणे: २३५ अधिक १ बरोबर २३६, त्यातून १४१ आणि ३ गेले, उरले ९२. क्रिप्टॉन-९२, त्यात ५६ न्यूट्रॉन. हा ९२ आणि युरेनियमच्या प्रोटॉनचा ९२ सारखे आले हा योगायोग आहे. पहिला दाण्यांचा, दुसरा राजम्यांचा. वहीत ते दोन वेगळ्या स्तंभांत लिहा.